डफडं न वाजवणारा कोतवाल

माझे सासरे बापूराव जांभूळबोडीचे कोतवाल होते. तलाठ्याच्या हाताखालचा हा शेवटचा माणूस. नोटिसा पोचवायच्या, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या, तलाठ्याचं दप्तर या गावाहून त्या गावाला न्यायचं, आणि गावाला काही सांगायचं असलं की दवंडी द्यायची. दवंडी म्हटली की डफडं आलंच. पण मामाजींनी तीसहून जास्त वर्षं दवंडी दिली ती नुसत्या तोंडाने. डफडं त्यांनी एकदाच गळ्यात घातलं, आणि त्या एका दिवसाची किंमत ते मरेपर्यंत मोजत राहिले.

डफडं हातात न घेण्याची अट त्यांच्या वडिलांची, फागोजींची. जुन्या काळी आमच्या लोकांकडे गावाची जी कामं लावून दिलेली होती त्यांत मेलेली ढोरं ओढणं होतं, पाटलाच्या घोड्यापुढे धावणं होतं आणि डफडं वाजवणं होतं. लग्न असो, पोळा असो, कोणाचं मरण असो, बोलावणं आलं की गळ्यात अडकवून निघायचं. छप्पन साली चांद्याला बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा झाली. फागोजी तिथून परत आले आणि पहिलं काम त्यांनी हे केलं, की डफड्याचं कातडं विळ्याने कापलं आणि लाकडी कडं चुलीत घातलं. त्या वर्षी गावात आमच्या मोहल्ल्यातल्या कोणालाही धान कापायला बोलावलं नाही. मामाजी तेव्हा आठ वर्षांचे होते. मोहाची फुलं उकडून खाल्ली, रानातले कंद खाल्ले, एक लहान बहीण त्याच हिवाळ्यात गेली. पण डफडं परत घरात आलं नाही.

पुढे बहात्तर साली कोतवालाची जागा निघाली तेव्हा फागोजी मुलाला म्हणाले, "सरकारची नोकरी हाय, कर. पण ज्या दिवशी डफडं घे म्हणतील, त्या दिवशी सोडून दे."

मामाजींचा आवाज असा होता की त्यांना डफड्याची गरजच नव्हती. उंचीला बेताचे, अंगाने काटकुळे, आणि आवाज मात्र कुठून यायचा कोण जाणे. मी ब्रह्मपुरीला बी.ए. करून या घरात लग्न होऊन आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी अंगणातून दवंडीला सुरुवात केली आणि माझ्या हातातला चहाचा कप पडला. "घरातले बाहेर या, बाहेरचे उभे राहा! राशनची साखर आली हो!" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई मनकर्णा, हसत म्हणाल्या, "सवय होईल. मले तं लग्नात वाटलं होतं का हा माणूस माह्यावर खेकसून राह्यला. मंग समजलं, हा याचा हळू आवाज हाय."

रागीट नव्हते. गावातल्या प्रत्येक घराशी त्यांचं थट्टेचं नातं होतं. लस टोचायची दवंडी द्यायला गेले की बायका आतून ओरडायच्या, "आधी तुम्ही टोचून घ्या भाऊ!" आणि ते रस्त्यावरूनच बाही वर करून दाखवायचे.

आता गावाची रचना सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नागभीड आणि सिंदेवाहीच्या मधला हा धानाचा पट्टा. इथे गावोगाव जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव आहेत. आमचा तलाव गावाच्या उत्तरेला. मातीची लांब पाळ, आणि एका टोकाला जास्तीचं पाणी वाहून जायला दगडी सांडवा. पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. बांध्यांच्या खाली, नाल्याला लागून, टोली. टोलीत गोंडांची आणि मासे धरणाऱ्या ढिवरांची वीस-बावीस घरं, सगळी कुडाची. गाव उंचावर, आमचा मोहल्ला गावाच्या पूर्वेला, तोही उंचावर. तलाव फुटला तर मरणार कोण, हे पाळीवर उभं राहिलं की कोणालाही दिसत होतं.

लातूरच्या भूकंपानंतर सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांच्या आपत्ती योजना करायला घेतल्या. त्या आमच्यापर्यंत नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पोचल्या. नायब तहसीलदार जीपने आले. ग्रामपंचायतीत बैठक झाली आणि अंगणवाडीचं काम करत असल्यामुळे मलाही बोलावलं होतं. साहेब तरुण होते, घाईत होते, पण मनाने वाईट नव्हते. एकेक गोष्ट विचारून लिहून घेत होते. पोहणारे कोण, बैलगाड्या किती, लोकांना हलवायची जागा कोणती. जागा म्हणून उंचावरची शाळा ठरली. मग त्यांनी विचारलं, "धोक्याची सूचना कशी देता?"

"दवंडी," तलाठी म्हणाले.

"म्हणजे डफ. कोतवाल वाजवतो ना?"

मामाजी मागे भिंतीला टेकून उभे होते. "वाजवत नाई साहेब. तोंडानं सांगतो."

"अहो, पाऊस पडत असताना तोंडाचं कुठे ऐकू येणार?"

"माहं येते."

सगळे हसले. टोलीतला पत्रू, मासे विकायला आमच्या मोहल्ल्यात रोज यायचा तो, खाली बसल्या बसल्याच म्हणाला, "साहेब, बापूभाऊ ओरडला तं रानातला वाघ रस्ता सोडते. पाण्याची का बिशाद!"

सरपंच हसले नाहीत. "बापूराव, कोणता जमाना आला अन् तुम्ही त्याच गोष्टीले धरून बसले. वाजवलं तं तुमचं का झिजते?"

"मंग तुम्ही वाजवा ना सरपंच साहेब," मामाजी हात जोडून म्हणाले. "तुमचंही का झिजते?"

साहेबांना काय झालं ते कळलं नसावं किंवा कळून त्यांनी टाळलं असावं. ते म्हणाले, "बरं, बॅटरीवरच्या भोंग्याची मागणी लिहितो. तो येईपर्यंत डफच राहू द्या." आणि लिहिलं ते लिहिलं.

भोंगा एका वर्षाने आला. पोलिओच्या डोसला वापरला, निवडणुकीत वापरला, सरपंचांच्या पुतण्याच्या लग्नात पाहुण्यांना जेवायला बोलवायला वापरला. सेल आतच राहिले, गळले, आणि आतून सगळं हिरवं होऊन गेलं. दुरुस्तीला म्हणून नागभीडला गेला तो गेलाच.

भोंगा येण्याच्या आधीच, दोन हजार सालच्या मे महिन्यात, पुराची रंगीत तालीम झाली. पत्रकार येणार होते, जिल्ह्याचे अधिकारी येणार होते. मामाजी वाजवणार नाहीत हे माहीत असल्यामुळे सरपंचांनी नवं डफडं विकत आणलं आणि वाजवायला नागभीडहून माणूस आणला. कडक ऊन होतं. डफडं कडाडलं तशी टोलीतली माणसं ठरल्याप्रमाणे घरं सोडून शाळेवर गेली, तिथे खिचडी खाल्ली, फोटो निघाले. नायब तहसीलदारांनी लोकांना पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं की डफ वाजला की निघायचं, आणि डफ वाजल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावरून कोणी हलायचं नाही. असं सांगायला कारण होतं. आदल्याच पावसाळ्यात कोणीतरी तलाव फुटल्याची आवई उठवली होती. टोली रिकामी झाली आणि लोक परत आले तेव्हा कोंबड्या गेल्या होत्या, चैतू म्हाताऱ्याच्या घरातलं मोहफुलाचं पोतं गेलं होतं. म्हणून साहेबांचं म्हणणं टोलीला पटलं. मनात घट्ट बसलं.

तालीम झाली, नागभीडचा माणूस गेला. डफडं ग्रामपंचायतीत खुंटीला टांगून राहिलं. मामाजी त्या खोलीत रोज जायचे, झाडायचे, पाणी भरायचे. खुंटीखालचा कोपरा तेवढा ते झाडत नसत.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये, पोळा दोन आठवड्यांवर होता, तेव्हा झड लागली. तीन दिवस सूर्य दिसला नाही. तलाव तुडुंब झाला. सांडव्यावर मासे सुटू नयेत म्हणून मासेमारी सोसायटीने बांबूच्या ताट्या बांधल्या होत्या, आणि धानाला शेवटपर्यंत पाणी पुरावं म्हणून शेतकऱ्यांनी ताट्यांना लावून मातीची पोती रचली होती. दरवर्षी असंच करत. गावाने केलं, टोलीने केलं, आमच्या घरचीही एक बांधी त्याच पाण्यावर होती. वाहून जायचं पाणी आम्ही सगळ्यांनी मिळून अडवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामाजी पाळीवर जाऊन आले. ओल्या अंगाने दारातच उभे राहून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "देवानंद, पाळीच्या बुडातून पाणी निघून राह्यलं."

"दरसाल निघते ना बाबा."

"दरसाल चांगलं निघते. आज लाल हाय. माती घेऊन येऊन राह्यलं."

देवानंद फावडं घेऊन पळाले. गावातली माणसं गोळा करून ते सांडव्यावरची पोती काढायला गेले. ग्रामपंचायतीचा फोन दोन दिवसांपासून मुका होता. मामाजी सरळ टोलीत गेले.

तिथे काय झालं ते मला पत्रूच्या बायकोने, सुकरीने, नंतर सांगितलं. मामाजी नाल्याच्या पुलावरूनच ओरडत आले. "घरातले बाहेर या! तलाव जाऊन राह्यला, शाळेवर चला!" लोक बाहेर आले. पावसात कांबळी, पोती डोक्यावर घेऊन उभे राहिले आणि एकमेकांकडे पाहू लागले.

चैतू म्हातारा टोलीतला मोठा माणूस. त्याने विचारलं, "डफडं कुठी हाय?"

"डफड्याचं का करतं चैतूदादा, मी सांगून राह्यलो ना!"

"तू सांगतं ते खरं. पण साहेब काय बोलले होते? डफडं वाजलं का निघा. मागच्या खेपेले तोंडानंच सांगतलं होतं. माहं पोतं गेलं."

"मी कधी खोटी दवंडी देल्ली का?"

"तू राशनची दवंडी देतं बापू," चैतू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच समजावून सांगत होता. "पुराची डफड्यानं देतेत. डफडं तं अजून वाजलं नाई."

पत्रूने मात्र ऐकलं. त्याने सुकरीला आणि दोन्ही लेकरांना पुढे घातलं आणि शाळेकडे निघाला. जाता जाता मामाजींना म्हणाला, "भाऊ, हे लोक नाई हालत. तुम्हाले तेच आणा लागते." काय आणावं लागेल ते दोघांनाही माहीत होतं.

मामाजी ग्रामपंचायतीकडे धावले. तिथे सरपंचांचा मोठा मुलगा होता, किल्ली त्याच्याकडे होती. त्याने कुलूप उघडलं. मामाजी म्हणाले, "घे बाबू, अन् चाल माह्यासंगं टोलीत. पुलावर उभा राहून वाजव."

मुलाने खुंटीवरून डफडं काढलं आणि दोरीला धरून अंगापासून लांब धरलं. "मले येत नाई भाऊ."

"येणं ना येणं कायचं? काडीनं बडवाचं हाय नुसतं."

"नाई भाऊ. बाबा मारतीन. लोक का म्हणतीन?"

चोवीस वर्षांचा मुलगा होता. कॉलेजात गेलेला. त्याने डफडं मामाजींच्या पायापाशी जमिनीवर ठेवलं. हे त्या मुलानेच पुढे एकदा, दारू प्यायल्यावर, देवानंदांना सांगितलं आणि रडला.

यानंतरचं मी डोळ्यांनी पाहिलं. मी चुलीपाशी होते. मामाजी अंगणात आले, आणि त्यांच्या काखेत ते होतं. आत्याबाईंनी दारात आडवा हात धरला.

"हे घरात नाई येणार."

"मनकर्णा, कातडं ओलं हाय. ढप ढप करते, आवाजच नाई. शेका लागते."

"बाहेर शेका."

"बाहेर कुठी विस्तव हाय वं?"

पाऊस अंगणात नुसता ओतत होता. आत्याबाईंनी डफड्याकडे पाहिलं, मग मामाजींच्या तोंडाकडे. मी त्यांना त्या घरात चौदा वर्षं पाहत होते, पण इतका वेळ त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा हात खाली आला. त्यांनीच डफडं घेतलं, पदराने पुसलं आणि चुलीपाशी बसल्या. लाकडं ओली होती, धूर फार. मला म्हणाल्या, "रश्मी, फुंक."

मी फुंकत होते आणि त्या डफडं जाळावर धरून फिरवत होत्या, पापड भाजावा तसं. मधूनच मामाजी बोटाने टिचकी मारून पाहायचे. "अजून नाई." परत. "अजून नाई." बाहेर पाण्याचा आवाज वाढत होता. कातडं ताणलं गेलं तसा त्याचा वास घरभर पसरला. चौथ्या-पाचव्या टिचकीला ते टणत्कारलं. मामाजींनी कोंबड्यांच्या खुराड्याची एक कमची मोडून घेतली, प्लास्टिकच्या पोत्यात डफडं गुंडाळलं आणि गेले. जाताना त्यांनी दोरी गळ्यात घातली ती माझ्याकडे पाठ करून.

आवाज आमच्या अंगणापर्यंत आला. त्यांना वाजवता येत होतं. लहानपणी बापाच्या हातांकडे पाहिलेलं हात विसरले नव्हते. आत्याबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

टोली तात्काळ निघाली. कोणी काही विचारलं नाही. चैतू म्हातारा सगळ्यांत पुढे, काठी टेकत, लोकांना रांगेत चला म्हणत होता, तालमीत शिकवलं होतं तसं. टोली शाळेवर पोचल्यावर पत्रूने पाहिलं की त्याची मोठी आई, म्हणजे थोरली चुलती, बुधरी आलेली नाही. ती डोळ्यांनी अधू होती, शेळ्या सोडून येत नव्हती. पत्रू परत गेला. पुलावर मामाजी वाजवत उभे होते. त्यांनी त्याला अडवलं असं सुकरी सांगते. तो म्हणाला, "तुम्ही वाजवा भाऊ, मी आलोच तिले घेऊन."

पाळ त्याच वेळी गेली. देवानंद आणि बाकीचे सांडव्याच्या टोकाला होते म्हणून वाचले. मामाजी पुलाच्या गावाकडच्या तोंडाशी होते. त्यांनी मागे पळताना पाहिलं, की पत्रू बुधरीला पाठीवर घेऊन घरांच्या मधून येत होता. मग घरं नव्हती.

पत्रू दोन कोस खाली, नाल्याच्या वळणावर पळसाच्या झुडपात सापडला. बुधरी सापडलीच नाही. बाकी टोली जिवंत होती.

दोन दिवसांनी अधिकारी आले, तांदूळ आला, ताडपत्र्या आल्या. आणि लोक बोलायला लागले. सरपंच पत्रकारांना म्हणाले, "कोतवालानं पहिलेच डफडं वाजवलं असतं तं दोघंही वाचले असते. आम्ही दोन वर्षांपासून सांगून राह्यलो होतो." हे पेपरात आलं. सांडव्यावरच्या पोत्यांबद्दल आलं नाही. सरपंचांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं, आणि तेच मामाजींना खात राहिलं. टोलीतून ग्रामपंचायत, ग्रामपंचायतीतून घर, घरातून पूल. तेवढ्या वेळात बुधरीला पाठीवर घेऊन कोणीही शाळेपर्यंत गेलं असतं.

ते सुकरीकडे गेले. मी बरोबर होते. शाळेच्या व्हरांड्यात ताडपत्री बांधून ती बसली होती. मामाजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. सुकरीच म्हणाली, "लेकरं माही वाचली भाऊ." मग म्हणाली, "पण तुम्ही पहिलेच घेऊन आले असते तं." दोन्ही गोष्टी तिने एकाच आवाजात सांगितल्या.

आमच्या विहारात बैठक झाली. मोहल्ल्यातले एक वडीलधारे म्हणाले, "बापू, फागोजीनं लेकराले भुकं ठेवलं, पण हे केलं नाई." दुसरे त्यांच्यावर धावून गेले, "माणसं वाचवली त्यानं! बाबासाहेबांनी माणसं मरू द्या म्हणून सांगतलं होतं का?" भांडण झालं. मामाजी शेवटी उठले आणि म्हणाले, "मी वाजवलं. का वाजवलं ते तुम्हाले मालूम हाय. परत वाजवणार नाई." आणि घरी आले.

पण गावाने दुसरंच ऐकलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी पाटलांचा गडी दारात येऊन उभा राहिला. "बापूभाऊ, उद्या बैल निघतेत. डफडं घेऊन या म्हणे तोरणाखाली."

"कोणं सांगतलं?"

"पाटलानं. म्हणे, आता तं वाजवतेतच ना तुम्ही."

आत्याबाई चुलीपासून उठल्या. मला वाटलं त्या गड्याला काही बोलतील. त्या मामाजींकडे पाहत उभ्या राहिल्या. मामाजी गड्याला म्हणाले, "पाटलाले सांग, मी पाण्यासाठी वाजवलं. बैलासाठी नाई."

"मी असं नाई सांगू शकत भाऊ. मले मारतीन."

"मंग सांग का बापूराव घरी नव्हता." आणि ते खरोखर उठून नागभीडला निघून गेले, पोळा होईपर्यंत आले नाहीत. पळून जाणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यानंतर दर पोळ्याला ते गाव सोडून जात. लग्नसराईतही बोलावणी येत, कधी थट्टेत, कधी खरोखरची. जी माणसं तीस वर्षं त्यांना तोंडावर असं काही म्हणायला धजावली नव्हती, ती म्हणू लागली.

पुढच्या सव्वीस जानेवारीला तालुक्याला सत्कार ठेवला. शाल, नारळ, प्रमाणपत्र. मामाजी पांढरा शर्ट घालून गेले, मीही गेले. मंचावर शाल घातली, टाळ्या झाल्या. मग फोटो काढणारा म्हणाला, "कोतवालजी, डफ गळ्यात घ्या ना, फोटो चांगला येईल." कोणीतरी तयारीने आणलं होतं. अधिकारी हसून सरकून उभे राहिले, जागा करून दिली. मामाजींनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि मंचावरून उतरले. आम्ही एसटीने घरी आलो. तो आवाज त्या वर्षापासून बसतच गेला. दवंडी द्यायचे, पण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायची नाही.

एकच गोष्ट ते धरून राहिले. योजनेत जांभूळबोडीपुढे डफाऐवजी दुसरं काही लिहा, खांबावरचा भोंगा द्या, विजेचा नको असेल तर हाताने फिरवायचा द्या, म्हणून तहसीलला जात राहिले. साहेब बदलले. दरवेळी कोणीतरी नवीन असायचं आणि म्हणायचं, "पण तुमच्याकडे तर डफाने काम झालं ना? अहवालात तसंच आहे. यशस्वी उदाहरण आहे तुमचं." मध्ये दिल्लीचा कायदा आला, जिल्ह्यात नवं प्राधिकरण आलं, योजना संगणकावर छापून आली. जांभूळबोडीपुढे डफच होता. पाळ नव्याने बांधली, सांडवा मोठा केला, टोली मात्र परत तिथेच बसली, कारण दुसरीकडे जमीन नव्हती. सांडव्यावर ताट्या आहेत. मी परवाच पाहिल्या.

मामाजी निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात गेले. छातीत पाणी झालं होतं. शेवटच्या दिवसांत बोलणं जवळजवळ बंद होतं. आत्याबाई त्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायच्या आणि आम्हाला मोठ्याने सांगायच्या.

आता कोतवालाची जागा निघाली आहे. माझा मुलगा राजदीप विसाचा झाला. बारावी केली, दोन वर्षं घरी आहे. त्याने अर्ज भरला आहे, आणि तलाठी म्हणाले की बापूरावांचा नातू म्हटल्यावर त्यालाच मिळेल. देवानंद खूश आहेत. गेले चार दिवस झड लागली आहे आणि मला झोप येत नाही.

आज जेवताना मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, मी डफडं नाई घेणार. आजोबाले त्रास झाला तो मले मालूम हाय. मी पहिल्याच दिवशी लिहून देतो."

"अन् पाणी आलं तं?"

"भोंगा मागू."

"भोंगा नसला तं? टोली तोंडाचं नाई ऐकत, राजदीप."

त्याने भात कालवला. आत्याबाई त्याच्यासमोर बसल्या होत्या, त्यांचं जेवण थांबलं होतं. राजदीप आमच्या दोघींकडे न पाहता म्हणाला, "मंग घेईन डफडं. आणखी काय करू?" आणि ताट अर्धं ठेवून हात धुवायला उठला.